ओल्या निलगिरीचं टेबल

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी ही बातमी सांगितली तेव्हा आवाज इतका खाली आणला होता, की ती फक्त तीनच मजल्यांना ऐकू गेली.

"मी काही बोलत नाही हं. आपल्याला काय करायचंय? पण आत नवरा शेवटचे श्वास मोजतोय, आणि ही बाई मागच्या अंगणात. डोक्यावर हेल्मेट, कानांवर ती डबडी, आणि घ्याँऽऽ, घ्याँऽऽ! झाडं कापतेय, झाडं! माझ्या कपातला चहा हिंदकळत होता. आता बोला. मी तर काही बोलतच नाही."

न बोलता वहिनींनी ही गोष्ट इस्त्रीवाल्याला सांगितली, दूधवाल्याला सांगितली, आणि गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला टाकी खांद्यावर असतानाच सांगितली. मावशीच्या दवाखान्यातल्या बाकापर्यंत पोचेस्तोवर गोष्टीला हातपाय फुटले होते. कुणी म्हणे, काकांनी कानांवर हात ठेवूनच प्राण सोडला. कुणी म्हणे, डॉक्टर दारात उभे राहून घसा फोडत होते, पण बाईंनी करवत काही थांबवली नाही.

करवत चालली होती, एवढं खरं. चहा हिंदकळला असेल, तेही मान्य. पण त्या सकाळी काका शेवटचे बिवटचे श्वास मोजत नव्हते. पाठीला दोन उशा लावून ते खिडकीशी बसले होते आणि करवतीपेक्षा वरच्या पट्टीत ओरडायचा प्रयत्न करत होते, "डावीकडचा! अगं, तुझ्या डावीकडचा पाय!" कापलं जात होतं ते झाड नव्हतंच, टेबलाचा पाय होता. आणि त्यानंतरही काका होते. जेवले, भांडले, वहिनींनी प्रेमानं पाठवलेल्या सुपाला नावंसुद्धा ठेवली.

पण नवरा अंथरुणाला खिळलेला असताना दातांची डॉक्टर अंगणात करवत घेऊन का उभी होती, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, आणि काका म्हणजे तिचे यजमान. दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना. एक खुर्ची, एक दिवा, बाहेर एक बाक, आणि बाकावर गाल धरून बसलेली माणसं. पन्नाशी ओलांडेपर्यंत तिनं हातात चिमट्याहून मोठं हत्यार धरलं नव्हतं आणि धरायची इच्छाही झाली नव्हती. मग एकदा दवाखान्याच्या कुंपणावर शेजारचं जुनं झाड आडवं झालं. ते कापायला एक माणूस चेनसॉ घेऊन आला. आत खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते. मावशी म्हणाली, "असंच राहा, आले," आणि गेली ती गेलीच. करवतीनं खोड उघडलं, तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला, त्यावर काळ्या रेघा, लाटांसारख्या. मावशी कुंपणाला धरून बघत राहिली. गृहस्थ तिथेच, "आँ? आँ आँ?" करत.

"बाहेरून नुसतं खोड दिसतं हो," ती रात्री काकांना सांगत होती, "आणि आत हे असं! मी तीस वर्षं माणसांच्या आत बघतेय. एकदासुद्धा असं काही निघालं नाही."

"माझं बघितलंस का?" काका म्हणाले.

"तुमचं बघितलंय. पाच दाढा किडल्यात."

पुढच्या महिन्यात तिनं स्वतःची करवत आणली. काकांनी जन्मात तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं, तरी करवत बघून त्यांनी एकवार विचारलं, "शिवण शिकलीस तर नाही का चालणार?" नाही चाललं. मावशी शिकली. आधी पडलेल्या फांद्या, मग वठलेली झाडं, मग उभं झाड हव्या त्या बाजूला पाडणं. पण तिचा खरा जीव रमला तो फळ्या काढण्यात. करवतीच्या पात्याला एक लोखंडी चौकट बसवायची, आडव्या खोडावर शिडी बांधायची, आणि त्या शिडीवरून चौकट सरकवत खोड लांबीनं चिरत जायचं. शिडी खानावळीची होती. ती रविवारी कधीच जागेवर सापडायची नाही. मावशीचे पेशंट आपसांत म्हणायचे, रविवारी झाडं, सोमवारी दाढा, बाईंचा हात काही रिकामा राहत नाही.

ती खानावळ काकांची. रस्त्याच्या बाजूला खानावळ, मध्ये अंगण, अंगणापलीकडे तीन मजली इमारत आणि तिच्या तळमजल्यावर ह्यांचं घर. काकांचा आवाज असा, की "बसाऽ, बसाऽ, गरम आहेऽ" ही हाक कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्यालाही लागू व्हायची आणि तो येऊन बसायचा. हजारो माणसं ह्या माणसानं जेवू घातली. पण घरी ती दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशीच ताटल्या घेऊन जेवायची. दुपारी हे वाढून दमलेले, रात्री ती वाकून वाकून दमलेली. टेबल म्हणून घरात एक घडीचं होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे बसत.

अंगणात मागच्या भिंतीशी एक निलगिरी होती. उंच, जाड, आणि दरवर्षी थोडी थोडी खानावळीच्या पत्र्यावर झुकणारी. एका वाऱ्यात तिची फांदी पत्र्यातून आरपार आत आली आणि ताटल्यांच्या चळतीवर बसली. त्या दिवशी ठरलं, की निलगिरी उतरवायची.

मावशीनं ती पाडली तेव्हा अख्खी इमारत गच्चीवर होती. दोराचा ताण एका बाजूनं, खोडाला खाच दुसऱ्या बाजूनं, आणि काका दूर उभे राहून खानावळीच्या आवाजात, "हटाऽ, हटाऽ, पडतंयऽ!" झाड बरोब्बर दोन कुंड्यांच्या मधून आडवं झालं. वहिनी वरून टाळ्या वाजवत म्हणाल्या, "माझी तुळई तर नाही ना हलली?" तुळई हलली नव्हती. वहिनीच हलल्या होत्या.

खोड चिरलं तेव्हा आतून गुलाबी रंग निघाला. ओला, नुकत्याच कापलेल्या गाजरासारखा, आणि वासानं सगळी इमारत सर्दी बरी झाल्यासारखी झाली. मधली फळी इतकी रुंद होती, की काका तिच्यावर हात पसरून आडवे झाले.

"हिचं टेबल कर," ते आडव्यानंच म्हणाले. "दहा माणसांचं. आयुष्यभर मी उभा, लोक बसलेले. एकदा मी बसतो आणि तू बसतेस, आणि सगळे आपल्याभोवती. कसं?"

"करू की. दोन इंचाची फळी आहे. इंचाला एक वर्ष. दोन वर्षं वाळली की करू."

"दोन वर्षं? अगं, मला भूक लागलीय."

"ओल्या निलगिरीचं टेबल केलं, तर सहा महिन्यांत त्याची होडी होईल. निलगिरीसारखं वाईट लाकूड नाही. वळतं, पिळतं, फुटतं. तिचा हट्ट मोडेपर्यंत थांबायचं."

"म्हणजे माझ्यासारखं."

"तुमचा कुठे मोडलाय अजून?"

मावशीनं फळ्या एकावर एक रचल्या, मध्ये बारीक पट्ट्या घालून, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा खेळेल. टोकं लवकर वाळून फुटतात म्हणून त्यांना दवाखान्याचा उरलेला हिरवा रंग फासला. वर पत्रा, पत्र्यावर दगड. खोडाचा एक तुकडा तिनं वेगळा ठेवला. दर रविवारी तो खानावळीच्या धान्याच्या काट्यावर ठेवायचा. लाकडातलं पाणी जाईल तसं वजन उतरतं. ज्या दिवशी उतरायचं थांबेल, त्या दिवशी लाकूड तयार. काकांना ह्यात मोठी गंमत वाटायची. "उतरलं का गं?" "उतरलं!" जणू काय ताप.

त्याच काट्यावर काका एकदा थट्टेनं उभे राहिले. मावशीनं आकडा वाचला आणि म्हणाली, "काटा बिघडलाय."

काटा बिघडला नव्हता. तांदळाच्या पोत्यानं ते सिद्ध केलं. पुढे तपासण्या, मोठं हॉस्पिटल, लांबलचक बोळ, आणि एक तरुण डॉक्टर, जो बोलताना टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहायचा. पोटात गाठ होती आणि ती बरीच पुढे गेली होती. मावशी स्वतः डॉक्टर, तिला अर्धं वाक्य पुरलं. उरलेलं अर्धं तिनं काकांसमोर पूर्ण होऊ दिलं नाही. "बरं, गोळ्या लिहून द्या," ती मध्येच म्हणाली.

मग रविवार यायचे. तुकडा काट्यावर जायचा, उतरलेला असायचा. काका काट्यावर जायचे, तेही उतरलेले असायचे. एका रविवारी आतून काकांनी नेहमीसारखं विचारलं, "उतरलं का गं?" आणि मावशीच्या तोंडून सवयीनं आनंदात निघालं, "उतरलं!" तिनं जीभ चावली. आपण लाकडाचं बोललो की नवऱ्याचं, हे तिचं तिलाच क्षणभर कळलं नाही. त्यानंतर तो तुकडा काट्यावर गेला नाही. काकांनीही त्याचं नाव काढलं नाही. त्यांना सगळं कळत होतं.

"टेबलाचं काय करतेस?" त्यांनी एकदा विचारलं. तेव्हा ते खानावळीत जायचे थांबले होते आणि गल्ला, भट्टी, शिव्या असं सगळं वाढप्याकडे सोपवलं होतं.

"वाळू दे की."

"किती राहिलं?"

"वर्ष, सव्वा वर्ष."

काकांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मला सव्वा वर्ष दिलंय का त्या पेपरवेटवाल्यानं?"

"त्याला काय कळतं? कालचं पोर."

"तुला कळतं ना?"

"मला एवढं कळतं, की ओलं लाकूड वापरत नाहीत," मावशी म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली. त्या दिवशी तिनं एका बाईची भलतीच दाढ ठोकून बघितली आणि तीनदा माफी मागितली.

वाळू दे, वाळू दे. हा एकच शब्द तिच्याकडे उरला होता. जोवर फळ्या अंगणात पत्र्याखाली पडून होत्या, तोवर पुढे सव्वा वर्ष होतं, आणि त्या सव्वा वर्षात काका होते. फळी काढून ओल्या लाकडावर रंधा मारायचा म्हणजे ते सव्वा वर्ष नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. ते तिच्याच्यानं होईना.

मग तिनं ते केलं, जे करणाऱ्याला एरवी तिनं दारात उभं केलं नसतं. तिनं घाई केली. सगळ्यांत रुंद, मधली फळी, ज्या फळीवर काका हात पसरून आडवे झाले होते ती, चौघांकडून उचलवून घेतली आणि खानावळीत नेली. भट्ट्यांच्या वर मोठाली पातेली ठेवायचा माळा होता. पातेली खाली, फळी वर. खालून सकाळ-संध्याकाळ आच. दोन वर्षांचं काम दोन महिन्यांत होईल, असा तिचा हिशोब. तिचा म्हणजे तिच्या आशेचा.

ओळखीचा सुतार मान हलवत म्हणाला, "बघा ताई, मी म्हणतो, बघा, तुम्हीच मला शिकवलंत. बघा, बाहेरून वाळंल आणि आतून ओलं राहील, तर बघा, काय होईल."

"काय होईल?"

"बघा, फुटंल."

"नाही फुटणार. मी रोज बघतेय."

ती रोज बघत होती, हे खरं. माळ्याच्या शिडीवर चढून फळीला हात लावायची, टोकं तपासायची, नाक जवळ नेऊन वास घ्यायची. पेशंट बाकावर खोळंबायचे. आणि एका दुपारी, खानावळ भरलेली, वाढपी दोन्ही हातांत भाताची घमेली घेऊन चाललेला, वरून आवाज आला. बंदुकीचा. दुसरी उपमा नाही. वाढपी घमेल्यांसकट खाली बसला. एक कॉलेजचा पोरगा टेबलाखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "मी बिल दिलंय!" मावशी शिडीवर चढली. फळी टोकापासून टोकापर्यंत उभी फुटली होती, मधोमध, भांग पाडल्यासारखी.

ती बराच वेळ माळ्यावरच बसून राहिली. खाली माणसं पुन्हा जेवायला लागली. माणसं लागतातच.

संध्याकाळी काकांना सांगायला गेली, तर त्यांना आधीच कळलेलं. वाढप्यानं येऊन बंदुकीसकट करून दाखवलं होतं. काका हसत होते, पोट धरून. पण पोट धरल्यावर त्यांना हसणं थांबवावं लागलं. त्या दिवसांत हसायलाही दुखायचं.

"माझी फळी मारलीस," ते म्हणाले.

"मारली." ती खाटेच्या कडेला बसली. हाताला भट्टीच्या काजळीचा वास येत होता. "माझी चूक झाली. मला वाटलं, जरा लवकर…"

"आता कशाची वाट बघतेस?"

मावशी पदरानं बोटांवरची काजळी पुसत राहिली.

"होडी होईल म्हणालीस ना? होऊ दे. मला कुठे त्यावर सहा महिने जेवायचंय?"

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, गिऱ्हाइकाला "भात संपला, पण बटाटे आहेत" सांगावं तसं. मावशी उठून अंगणात गेली. पत्रा काढला. खाली उरलेल्या फळ्या होत्या. त्यातली फुटलेल्या फळीच्या शेजारची तिनं ओढून काढली, आणि पत्र्याला टेकून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं रडली. गच्चीवरून वहिनींना दिसलं. त्या म्हणाल्या, "पाय आपटला वाटतं."

पुढचे दिवस तिनं दवाखाना अर्धवेळ केला. ओल्या लाकडावर रंधा नीट चालत नाही, तो तंतू उपटत जातो, आणि हात गुलाबी पाण्यानं भिजतात. तरी तिनं चालवला. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या घातल्या, पण त्यांचे स्क्रू घट्ट नाही आवळले. भोकं लांबट ठेवली, म्हणजे लाकूड आकसलं तर त्याला सरकायला जागा राहील. एवढंच तिला त्या लाकडासाठी करता येण्यासारखं होतं. पाय फुटलेल्या फळीतून काढले. काका खिडकीतून सूचना देत. बहुतेक सगळ्या चुकीच्या.

टेबल उभं केलं, तर डुगडुगलं. डावीकडचा पाय लांब. हातकरवतीनं कापायला तास गेला असता, आणि त्या दिवशी काकांना बसवत होतं. उद्या बसवेल की नाही, माहीत नव्हतं. मावशीनं हेल्मेट घातलं, कानांवर डबडी चढवली, आणि चेनसॉ सुरू केली. घ्याँऽऽ! हीच ती सकाळ, आणि हाच तो वहिनींचा चहा.

त्याच दुपारी अंगणात दहा माणसं जेवायला बसली. खानावळीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. सुतार, वाढपी, दवाखान्यातली नर्स, इस्त्रीवाला, आणि वहिनीसुद्धा. वहिनींनी दोनदा भात मागून घेतला, हे नोंदवून ठेवायला हवं. काकांना खुर्चीसकट उचलून टेबलाच्या डोक्याशी बसवलं. ते म्हणाले, "बसाऽ, बसाऽ, गरम आहेऽ," पण आवाज फक्त टेबलापुरता आला. कोपऱ्यावरच्या चपलावाल्याला बोलवायला माणूस पाठवावा लागला.

वाढप्यानं लोखंडी कढई आणली आणि काकांनी ती घेऊन सरळ उघड्या लाकडावर ठेवली.

"अहो! खाली काहीतरी ठेवा!" मावशी किंचाळली. ओल्या निलगिरीला लोखंड लागलं की शाईसारखा काळा डाग पडतो, आणि तो जात नाही. कढई उचलेपर्यंत पडलाच. वाटोळा, काळाभोर.

"झालं," काका म्हणाले. "आता विकता येणार नाही तुला."

ते दोन घास जेवले. तिसरा हातात धरून बसून राहिले. सगळ्यांची ताटं बघत होते, कुणाला काय हवं, कुणाचं संपलं. सवय. शेवटी वाढपीच ओरडला, "मालक, बसलाय ना आज? मग बसा की!"

माणसं गेल्यावर काकांनी टेबलावरून हात फिरवला. "हे आता वाकडं होणार ना?"

"होणार."

"किती?"

"ते नाही सांगता येत."

"मग झालं की कळव मला."

"कळवते," मावशी म्हणाली.

त्यानंतर पंधरवडाभर होते ते. गेले तेव्हा दुपार होती. अंगणात कुणी काही कापत नव्हतं. मावशी खाटेशी त्यांचा हात धरून बसली होती, आणि सगळ्या इमारतीत फक्त वहिनींचा मिक्सर चालू होता. हे वहिनी सांगत नाहीत.

टेबल घरात आलं, पुढच्या खोलीत. आणि वाकडं होऊ लागलं. आधी नुसतं करकरायचं, रिकाम्या घरात दिवसाढवळ्या. मावशी दवाखान्यातून येऊन कुलूप काढायची, तेव्हा आतून एक टक्क आवाज यायचा आणि तिचा हात कडीवरच थांबायचा. मग एक कोपरा उचलला गेला, समोरचा खाली वाकला. मध्ये खोलगट. ताट ठेवलं तर डाळीची वाटी स्वतःहून शेजाऱ्याकडे निघायची. सुतार येऊन तीनदा म्हणाला, "बघा ताई, बघा, दोन तासांचं काम, बघा, रंधा मारून पाटासारखं सपाट करून देतो." मावशीनं तीनदा त्याला चहा पाजून परत पाठवलं.

करवत तिनं खुंटीला लावली ती लावली. रविवारी ती त्या टेबलाशी बसायची. कधी पेपर घेऊन, कधी काहीच न घेता. एकदा आईनं तिला तिथे बोलताना ऐकलं. मावशी उचललेल्या कोपऱ्याखाली बोटं घालून सांगत होती, "दोन बोटं झालं. आता तिसरं जातंय." आई चपला हातात घेऊन मागच्या पावली परत आली.

बाकीच्या फळ्या अंगणात पत्र्याखाली वाळत होत्याच. त्यांना घाई नव्हती. मी सुट्टीत मावशीकडे राहायला गेले होते आणि तिसऱ्यांदा माझी वाटी घरंगळून मांडीवर आली होती, तेव्हा मी पैज लावली. म्हटलं, "मावशी, लिहून ठेव. त्या फळ्या वाळल्या ना, की तू हे टाकून देशील आणि सरळ टेबल करशील. तुझ्यानं वाकडं बघवत नाही. तू माझे दात बघूनसुद्धा सुस्कारे टाकतेस."

"नाही करणार."

"पैज?"

"पैज. हरलीस तर मी जे करीन ते पॉलिश पेपरनं घासायचं. हातानं. मशीन मिळणार नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"मी नाही हरत."

पुढच्या सुट्टीत गेले, तर अंगणात घ्याँऽऽ चाललं होतं. मी पळतच आत गेले. पत्रा बाजूला, फळ्या बाहेर. कोरड्या, हलक्या, बोटानं वाजवल्या तर टणटण बोलणाऱ्या, आणि सरळ, इतक्या सरळ की दोरी लावावी. म्हटलं, "टेबल! जिंकले!" मावशीनं कानांवरची डबडी काढली. "नीट बघ."

टेबल नव्हतं ते. दोन बाकं होती, टेबलाच्या दोन बाजूंना घालायला. पण त्या सरळसोट फळ्या तिनं सरळ ठेवल्या नव्हत्या. टेबल जिथे उचललं होतं तिथे बाकाचे पाय लांब, जिथे वाकलं होतं तिथे आखूड, जिथे मधोमध खचलं होतं तिथे बैठकही तासून खोल केलेली. दोन वर्षं थांबून मिळालेलं उत्तम लाकूड त्या ओल्या, वाकड्या लाकडाच्या मापानं कापलं होतं. पुढच्या खोलीत नेऊन ठेवली, तर बाकं आणि टेबल एकमेकांना धरून वळत गेली, आणि कुठेही बसलं तरी ताट छातीशी तेवढ्याच उंचीवर आलं.

"वाळल्या ह्या," मावशी बाकाकडे बघत म्हणाली. "आत्ता वाळल्या." आणि थोड्या वेळानं, "आत्ता केलं असतं टेबल."

तिनं माझ्या हातात पॉलिश पेपरची गुंडाळी ठेवली.

अख्खी सुट्टी मी ती बाकं घासली. बोटांची सालं निघाली, नाकात निलगिरीचा भुस्सा गेला. संध्याकाळी मावशी दवाखान्यातून यायची, हात धुवायची, आणि डोळे मिटून बाकावरून तळवा फिरवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळणावळणानं. मी श्वास रोखून उभी.

"पुन्हा," ती म्हणायची.